ऐरणीवरचा ताल: पोलादी अमूर्त शिल्प आणि आफ्रिकेचा वारसा

१/
कलासंग्रहालयांच्या माहितीफलकांवर एका ठरावीक साच्याचे वाक्य आढळते: अमुक शिल्प ‘संगीत आणि आफ्रिकी वारसा यांपासून प्रेरित’ आहे. वाक्य कौतुकाचे आहे, सभ्य आहे, आणि तरीही त्यात एक जुना अन्याय दडलेला आहे. ‘प्रेरणा’ या शब्दाने आफ्रिकेच्या वाट्याला भावना येते. तंत्र, विद्या आणि विचार मात्र युरोपच्या खात्यावर जमा होतात. रिचर्ड हंट आणि मेल्विन एडवर्ड्‌स या दोन आफ्रिकन-अमेरिकन शिल्पकारांच्या पोलादी कामाच्या आधारे या वाटणीचा हिशेब तपासणारा हा थ्रेड.

२/
आधी पाठ्यपुस्तकांतली वंशावळ पाहू. स्पॅनिश शिल्पकार हूलियो गोन्झालेझ १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनो मोटार कारखान्यात वेल्डिंग शिकला. १९२८ पासून काही वर्षे त्याने पिकासोबरोबर लोखंडी शिल्पांवर काम केले. अमेरिकेत डेव्हिड स्मिथने त्या शिल्पांची छायाचित्रे नियतकालिकांत पाहिली आणि १९३३ मध्ये स्वतःची वेल्डिंग केलेली शिल्पे घडवली. पिकासो, गोन्झालेझ, स्मिथ: येथून पुढे आधुनिक धातुशिल्पाचा प्रवाह सुरू होतो, असे सांगितले जाते. या कथेत आफ्रिका येते ती एका ओळीपुरती. १९०७ मध्ये पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले, एवढाच तो उल्लेख.

३/
त्याच त्रोकादेरोच्या संग्रहात तेव्हा एक पुरुषभर उंचीची लोखंडी मूर्ती होती. लोखंड आणि युद्ध यांची देवता ‘गू’. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे राज्याचा (आजच्या बेनिन देशाचा भाग) राजा ग्लेले याने आपला पिता गेझो याच्या सन्मानार्थ ती १८५८ च्या सुमारास घडवून घेतली. घडवणाऱ्या कारागिराचे नावही ज्ञात आहे: अकाती एकप्लेकेंदो. फ्रेंच सैन्याने दाहोमे जिंकल्यावर १८९४ मध्ये ती पॅरिसला नेण्यात आली.

४/
या मूर्तीची घडण पाहण्याजोगी आहे. ती एका साच्यात ओतलेली नाही. युरोपातून आलेल्या मोडीच्या लोखंडाचे पत्रे, पट्ट्या आणि सळ्या ठोकून, वाकवून, एकमेकांना जोडून तिचा देह उभा केलेला आहे. डोक्यावरच्या मुकुटसदृश चक्रावर अवजारांची आणि शस्त्रांची छोटी रूपे उभी आहेत. तयार लोखंडी तुकडे घेऊन त्यांच्या जोडणीतून नवा आकार सिद्ध करणे, यालाच विसाव्या शतकातील कलासमीक्षेने ‘जोडशिल्प’ म्हणून आधुनिकतेचा शोध मानले. गोन्झालेझ आणि पिकासो यांच्या लोखंडी प्रयोगांपूर्वी सत्तर वर्षे तो शोध एका आफ्रिकी लोहाराच्या हातून होऊन गेलेला होता. तो शिल्पकलेच्या इतिहासात नोंदला गेला नाही, कारण मूर्ती मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात ठेवली होती.

५/
मोडीचे लोखंड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले कसे, याचाही इतिहास आहे, आणि तो गुलामांच्या व्यापाराशी बांधलेला आहे. युरोपीय जहाजांतून येणाऱ्या मालात लोखंडी सळ्या मोठ्या प्रमाणावर असत. सेनेगँबियाच्या प्रदेशात तर ‘सळई’ हे हिशेबाचे एककच झाले होते. कापड, दारू, बंदूक आणि माणूस या सर्वांची किंमत सळ्यांत सांगितली जाई. लोखंड किनाऱ्यावर उतरत होते आणि माणसे जहाजात चढत होती. त्या सळ्या स्थानिक लोहारांच्या भट्टीत जाऊन त्यांची कुदळे, पाती आणि घंटा होत. पुढे अमेरिकेत जे शिल्पकार साखळदंड आणि खिळे हाती घेतील, त्यांच्या द्रव्याचा हा पूर्वेतिहास आहे.

६/
याचा अर्थ आफ्रिकेला लोखंड युरोपने शिकवले असा मात्र नाही. आजच्या नायजेरियातील नोक संस्कृतीच्या प्रदेशात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्यापर्यंत लोखंड गाळण्याच्या भट्ट्या चालू होत्या. मातीची भट्टी, भाता, कोळसा आणि खनिज यांच्या साहाय्याने लोखंड सिद्ध करण्याचे ज्ञान सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस अनेक समाजांनी पिढ्यानपिढ्या जपले. समुद्रमार्गे आलेल्या स्वस्त सळ्यांनी कित्येक ठिकाणी या गाळकामाला उतरती कळा लावली. घडकाम मात्र टिकले.

७/
आता या विद्येचा संगीताशी संबंध काय? पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषिक समाजांत याचे उत्तर समाजरचनेतच आहे. तिथे लोहार (नुमु) आणि गायक-इतिहासकथक (जेली) हे दोघे एकाच प्रकारच्या जन्मसिद्ध कारागीर वर्गात मोडतात. या वर्गाला ‘न्यामाकला’ म्हणतात. लोखंडात आणि शब्दात दोन्हींत एक धोकादायक शक्ती असते, ती हाताळण्याचा अधिकार आणि जोखीम ठरावीक घराण्यांकडेच असते, अशी त्यामागची धारणा. आपल्याकडचा लोहार बलुतेदार म्हणून गावगाड्याला बांधलेला होता. मांदे लोहाराला त्यासोबत भयमिश्रित आदरही लाभत असे. दोन्हीकडे व्यवसाय जन्माने ठरत होता, हेही विसरता येत नाही.

८/
मांदे स्मृतीत लोखंड आणि स्वर यांची गाठ एका वाद्यातच पडते. तेराव्या शतकात माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याच्याशी झुंजणारा सोसोचा राजा सुमाओरो कांते हा लोहारांच्या कुळातला. परंपरा सांगते की पहिला बालाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्या आणि भोपळ्यांचे सुरेल वाद्य, त्याच्याच मालकीचा होता. ‘सोसो-बाला’ म्हणून पूजला जाणारा तो बालाफोन गिनी देशातील नियागासोला येथे जेली घराण्याकडे जपला गेला आहे. युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाची जी पहिली यादी जाहीर केली, तिच्यात त्याला स्थान मिळाले. लोहार राजा आणि आद्य वादक ही दोन रूपे या कथेत एकाच व्यक्तीची आहेत.

९/
कथेपेक्षा व्यवहाराचा पुरावा अधिक ठोस आहे. घाना आणि टोगोमधील एवे लोकांच्या वाद्यमेळात ‘गांकोगुई’ नावाची दुहेरी लोखंडी घंटा असते. योरुबांमध्ये तिची बहीण ‘अगोगो’. ढोल कितीही गुंतागुंतीचे बोल वाजवोत, घंटेचा ठेका बदलत नाही. सारे वादक, गायक आणि नर्तक आपली जागा तिच्यावरून ओळखतात. आपल्या मैफलीत टाळ किंवा ठेका जे काम करतो, त्याच्याशी याचे साम्य आहे. ही घंटा लोहार घडवतो. तिच्या दोन तोंडांतला स्वरभेद त्याच्या हातोड्याने ठरतो. म्हणजे संपूर्ण वाद्यमेळाचा कणा ऐरणीवर तयार होतो.

१०/
अटलांटिक ओलांडून नेलेल्या माणसांकडून हा कणाच काढून घेण्याचा प्रयत्न झाला. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनातील स्टोनो येथे गुलामांनी बंड केले; ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीने केलेल्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगण्यास मनाई केली. ढोल ही केवळ करमणूक नाही, तो संदेश आहे, हे मळेवाल्यांनी अचूक ओळखले होते. क्यूबामध्ये मात्र गुलामांनी शेतातल्या कुदळीचे पातेच घंटेच्या जागी वाजवायला घेतले. ‘ग्वाताका’ या नावाने ते आजही वाजते. राबण्यासाठी हाती दिलेल्या अवजारातून ताल काढण्याची ही कृती, पुढच्या पोलादी शिल्पाची पहिली प्रतिज्ञा म्हणता येईल.

११/
लोहारकामही मळ्यांवर पोचले होते. व्हर्जिनियात १८०० साली गुलामांच्या मोठ्या उठावाचा कट ज्याने रचला तो गेब्रियल लोहार होता. त्याच्या साथीदारांनी विळ्यांच्या पात्यांच्या तलवारी केल्या. कट फुटला आणि त्याला फाशी झाली. पुढे गुलामगिरी कायद्याने संपल्यावर दक्षिणेतील रेल्वेचे रूळ टाकणारे कृष्णवर्णीय मजूर घणाच्या घावावर गाणी म्हणत. एक जण ओळ म्हणे, बाकीचे झेलत, आणि ओळीच्या शेवटी सर्वांचे घण एकदम पडत. या श्रमगीतांच्या परंपरेतूनही ब्लूजला रक्त मिळाले. या संगीतात पोलाद साथीला नव्हते, तेच वाद्य होते.

१२/
सर्वांत स्पष्ट उदाहरण त्रिनिदादचे. ब्रिटिश सत्तेने १८८० च्या दशकात तिथल्या ढोलांवर निर्बंध घातले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, पत्र्याची झाकणे, मोटारींचे सुटे भाग आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तेलाची पोलादी पिंपे. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, त्यावर एकेका स्वराची जागा घडवायची, आणि भट्टीत तापवायचे. यातून स्टीलपॅन जन्मले. १९५१ मध्ये त्रिनिदादचा पोलादी वाद्यवृंद लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजला, आणि १९९२ मध्ये स्टीलपॅन त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य झाले. प्रत्येक पॅन घडवणारा हा एकाच वेळी लोहार, शिल्पकार आणि सुरांचा जाणकार असतो.

१३/
एवढी पार्श्वभूमी ध्यानात घेऊन रिचर्ड हंट (१९३५-२०२३) यांच्याकडे वळावे. शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेला हा मुलगा १९५३ मध्ये तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील प्रदर्शनात गोन्झालेझची शिल्पे पाहतो आणि स्वतःच्या बळावर वेल्डिंग शिकतो. दोन वर्षांनी मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलची निर्घृण हत्या झाली. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला, जगाने पाहावे म्हणून. दर्शन घेणाऱ्या हजारोंत १९ वर्षांचे हंट होते. टिलचे घर त्यांच्या स्वतःच्या जन्मस्थानापासून जवळच होते. १९५६ मध्ये त्यांनी ‘हीरोज हेड’ हे वेल्डिंग केलेले पोलादी मस्तक घडवले. विरूप झालेला तो चेहरा मोडीच्या पोलादात पुन्हा उभा राहिला.

१४/
यानंतर हंट यांचे काम अधिकाधिक अमूर्त होत गेले. मोटारींच्या भंगारातील बंपर आणि नळ्या यांतून त्यांनी वेलींसारखे, पंखांसारखे, ज्वाळांसारखे आकार काढले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. असा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन शिल्पकार. मेम्फिसमध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९७७ मध्ये पोलादी शिल्प उभारले, त्यात किंग यांचा चेहरा नाही. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयासाठी २०१६ मध्ये केलेल्या कांस्यशिल्पाचे ‘स्विंग लो’ हे नाव गुलामीच्या काळातील भक्तिगीताकडे निर्देश करते. ते शिल्प जमिनीवर उभे नाही, वरून टांगलेले आहे.

१५/
मेल्विन एडवर्ड्‌स यांचा जन्म १९३७ चा, टेक्सासमधील ह्यूस्टनचा. शिक्षण लॉस एंजेलिसमध्ये. १९६३ हे वर्ष अमेरिकेत रक्ताळलेले होते: जूनमध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची हत्या, सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुलींचा मृत्यू. त्याच वर्षी एडवर्ड्‌स यांनी ‘लिंच फ्रॅग्मेंट्स’, म्हणजे झुंडबळींचे तुकडे, ही मालिका सुरू केली. पहिले शिल्प ‘सम ब्राइट मॉर्निंग’. पुढे अधूनमधून खंड पडत ही मालिका दशकानुदशके चालू राहिली आणि तिच्यातील शिल्पांची संख्या दोनशेच्या पुढे गेली.

१६/
ही शिल्पे आकाराने माणसाच्या डोक्याएवढी असतात आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावली जातात. पाहणाऱ्याला ती दुरून न्याहाळता येत नाहीत. समोरासमोर यावे लागते. जवळ गेल्यावर वस्तू ओळखू येतात: साखळीच्या कड्या, कुलूप, घोड्याची नाल, हातोड्याचे डोके, रुळाचा खिळा, पाते, बोल्ट. सारे काळपट पोलादात एकमेकांत रुतलेले. त्यात देह नाही, दोरखंड नाही, झाडही नाही. तरी पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण प्रत्येक वस्तू हातात धरण्याची आहे आणि तिने काय काय करता येते हे हाताला ठाऊक असते.

१७/
यात संगीत कुठे आहे? पहिले म्हणजे रचनापद्धतीत. जॅझचा वादक एक धून घेतो आणि तिच्यावर रात्रभर नवनवे विस्तार करतो. धून ओळखीची राहते, वादन कधीही तेच नसते. एडवर्ड्‌स यांनी एक ठरावीक माप, एक उंची आणि मोजकी सामग्री घेऊन दोनशेहून अधिक वेळा तसा विस्तार केला. दुसरे म्हणजे द्रव्यात. रुळाचा खिळा आणि हातोडा ही श्रमगीतांची वाद्ये आहेत. ती पाहताना त्यांचा घाव ऐकू येतो. तिसरे, गतीत. आजीच्या डोलखुर्चीच्या आठवणीतून त्यांनी १९७० पासून डोलणारी पोलादी शिल्पे केली. मोठ्या अर्धवर्तुळांवर उभी असलेली ही शिल्पे हलली की साखळ्या किंचित मागून हलतात. तालाच्या अलीकडे-पलीकडे पडणारा हा झोल जॅझ ऐकणाऱ्याला सांगावा लागत नाही.

१८/
चौथा दुवा नावांचा आहे. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट विद्यापीठातील त्यांचे १९७६-७७ चे शिल्प बिली हॉलिडे आणि सोवेटोची मुले यांना एकत्र अर्पण केलेले आहे. बिली हॉलिडे बाल्टिमोरमध्ये वाढली. १९३९ मध्ये तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे झुंडबळींवरील गाणे ध्वनिमुद्रित केले. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोत शाळकरी मुले आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एका गायिकेचा आवाज आणि दुसऱ्या खंडातील मुलांची पावले यांना जोडणारे चित्र काढणे कठीण. पोलादाच्या मोठ्या, शांत आकारांनी ते साधले, कारण त्यांनी कोणाचाही चेहरा घेतला नाही आणि दोघांनाही जागा दिली.

१९/
एडवर्ड्‌स यांची पत्नी जेन कॉर्टेझ कवयित्री होती. ‘फायरस्पिटर्स’ या वाद्यवृंदाच्या साथीने ती कविता सादर करी आणि तिच्या पुस्तकांसाठी एडवर्ड्‌स रेखाटने करीत. १९७० मध्ये ते पहिल्यांदा पश्चिम आफ्रिकेत गेले आणि पुढे जातच राहिले. नायजेरियातील बेनिन शहरात पारंपरिक धातुकारागिरांच्या सहवासात त्यांनी काम केले. सेनेगलची राजधानी डाकार येथे कार्यशाळा थाटली. १९८३ च्या एका मोठ्या पोलादी शिल्पाला त्यांनी ‘गेट ऑफ ओगुन’ हे नाव दिले. ओगुन हा योरुबांचा लोहदेव. दाहोमेचा गू हे त्याचेच रूप. येथे वर्तुळ पूर्ण होते. अकाती एकप्लेकेंदो आणि मेल्विन एडवर्ड्‌स एकाच देवतेच्या ऐरणीवर काम करताना दिसतात. याला ‘प्रेरणा’ म्हणणे म्हणजे शिष्याच्या विद्येला हौस म्हणण्यासारखे आहे.

२०/
या शिल्पकारांवर आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. गोऱ्या संग्रहालयांना कृष्णवर्णीय कलावंताकडून ‘कृष्णवर्णीय विषय’ हवे होते. दुसरीकडे १९६५ नंतरच्या ब्लॅक आर्ट्स चळवळीतील अनेकांना अमूर्त कला ही गोऱ्यांची चैन वाटे. लढ्याच्या काळात लोकांना कळतील अशी चित्रे हवीत, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. मात्र त्याला कृतीतून उत्तरही मिळाले. १९६८ ते १९७० या काळात एडवर्ड्‌स, चित्रकार विल्यम टी. विल्यम्स आणि त्यांचे सहकारी ‘स्मोकहाउस’ या नावाने हार्लेमच्या वस्तीत, पडक्या जागांच्या भिंतींवर भौमितिक, भडक रंगांची अमूर्त भित्तिचित्रे रंगवत होते. कोणत्याही दालनाच्या तिकिटाशिवाय वस्तीतल्या लोकांसमोर ही कला उभी राहिली.

२१/
१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन मिळालेले एडवर्ड्‌स पहिले आफ्रिकन-अमेरिकन शिल्पकार ठरले. तिथे त्यांनी काटेरी तारा आणि साखळ्या टांगल्या: पडद्यासारख्या, पिरॅमिडसारख्या, ताणलेल्या तंतूंसारख्या. डौलदार भूमिती आणि कातडी फाडणारे काटे एकाच तारेत. पुढच्या वर्षी त्याच संग्रहालयाने समकालीन कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रदर्शन भरवले. संयोजनात कृष्णवर्णीय तज्ज्ञांचा सहभाग नाही, या कारणावरून पंधरा कलावंतांनी आपली कामे काढून घेतली. त्यांत एडवर्ड्‌स होते. अमूर्त शिल्प करणारा माणूस राजकारणातून पळ काढतो, या समजाला हे उत्तर पुरेसे आहे.

२२/
मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. शोषिताने आपली व्यथा सरळ, सुबोध, पुरावा म्हणून सादर करावी, शैलीचे स्वातंत्र्य मात्र इतरांनी उपभोगावे, ही अपेक्षा इथेही होती. ढसाळांच्या दुर्घट, कल्लोळी प्रतिमांनी ती झुगारली. दुःखाचे निवेदन करण्याचा हक्क आणि दुःखाला रूप देण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला देऊन दुसरा नाकारणे हीही एक प्रकारची अस्पृश्यताच.

२३/
येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. एक: हंट गोन्झालेझकडून शिकले हे सत्य आहे, आणि ते लपवून शुद्ध आफ्रिकी वंशावळ रचणे हा इतिहासाचा दुसरा अपलाप होईल. रेनोचा कारखानाही या कथेत आहे आणि दाहोमेची भट्टीही. दोन: ‘आफ्रिका’ ही एक वस्तू नाही. मांदेंचा बालाफोन, एवेंची घंटा, योरुबांचा ओगुन आणि दाहोमेचा गू हे वेगवेगळ्या समाजांचे, कधी परस्परांशी लढलेल्या राज्यांचे ठेवे आहेत. दाहोमेच्या राजांनी स्वतः गुलामांचा व्यापार केला होता. वारसा सांगायचा तर या गाठींसकट सांगावा. फलकावरचा ‘आफ्रिकी वारसा’ हा शब्दप्रयोग नेमक्या याच गाठी पुसतो.

२४/
अमूर्त पोलाद काय सांगू शकते, याचा आज सर्वांत मोठा पुरावा अलाबामातील माँटगोमेरी येथे आहे. २०१८ मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या स्मारकात, जिथे जिथे झुंडबळी झाले त्या आठशेहून अधिक काउंटींसाठी प्रत्येकी एक असे पोलादी स्तंभ आहेत. १८७७ ते १९५० या काळातील ४,४०० हून अधिक बळींची नोंद या प्रकल्पामागील संस्थेने केली आहे. गंज धरून तांबूस झालेल्या त्या पोलादावर नावे कोरली आहेत. आत शिरताना स्तंभ माणसाच्या उंचीला असतात; पुढे जमीन उतरत जाते आणि स्तंभ डोक्यावर टांगलेले राहतात. तिथे एकाही देहाची आकृती नाही आणि तिची उणीवही भासत नाही. एडवर्ड्‌स यांनी १९६३ मध्ये डोक्याएवढ्या तुकड्यांतून घडवलेल्या भाषेत आता एक राष्ट्र आपला अपराध वाचत आहे.

२५/
आणि गू? २०२१ मध्ये फ्रान्सने अबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या २६ वस्तू बेनिन देशाला परत केल्या. त्यांत गू नव्हता. १८९४ मध्ये नेलेली ती मूर्ती पॅरिसच्या लूव्हरमध्ये कलाकृती म्हणून प्रतिष्ठित झाली आहे. घरी मात्र परतलेली नाही. वस्तू परत करण्याचा प्रश्न सरकारांचा आहे. वंशावळ दुरुस्त करण्याचा प्रश्न मात्र इतिहास लिहिणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

२६/
दुरुस्ती साधी आहे. धातुशिल्पाच्या प्रकरणात गोन्झालेझच्या आधी एकप्लेकेंदोचे नाव यावे. स्टीलपॅनचा उल्लेख संगीताइतकाच शिल्पकलेच्या इतिहासातही व्हावा. हंट आणि एडवर्ड्‌स यांच्याविषयी लिहिताना ‘प्रेरित’ हा शब्द खोडून ‘विद्या’ हा शब्द लिहावा: लोखंड तापवण्याची, जोडण्याची, त्यातून ताल काढण्याची आणि त्यात मृतांची आठवण ठेवण्याची विद्या. सळ्यांच्या हिशेबाने विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी ती त्याच लोखंडातून परत मिळवली. तिची नोंद तिच्या खऱ्या धन्याच्या नावावर व्हावी, एवढेच मागणे आहे.

(थ्रेड समाप्त)